ठाऊक असलेल्या शेवटाची गोष्ट

गुन्हेकथा सांगणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांनी आपल्याबरोबर एक शिष्टाचार घरोघरी आणला आहे. ज्याने मालिका आधी पाहिली त्याने तिचा शेवट दुसऱ्यापाशी बोलावयाचा नाही. बोललाच तर त्याने समोरच्याचा आनंद हिरावून घेतला असे समजतात. इंग्रजीत या अपराधाला ‘स्पॉयलर’ म्हणतात. आपण त्याला रहस्यभेद म्हणू. शिष्टाचार तसा जुना आहे. अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ साली लंडनच्या रंगभूमीवर आले, आणि प्रयोग संपल्यावर खुनी कोण हे बाहेर सांगू नका अशी विनंती प्रेक्षकांना करण्याची प्रथा त्या नाटकाने पाडली. कल्पित खुनाच्या बाबतीत ही विनंती रास्तच आहे. खून लेखकाने रचला, खुनी लेखकाने लपवला. तेव्हा तो केव्हा उघड करावयाचा हा अधिकारही लेखकाचाच.

परंतु जो खून खरोखर झाला, ज्याची सुनावणी भर न्यायालयात झाली आणि ज्याचा निकाल वर्तमानपत्रांनी छापला, त्याचा शेवट कोणाच्या मालकीचा? आणि तो प्रेक्षकांना आधीच ठाऊक आहे म्हणून, किंवा ठाऊक नाही म्हणून, मालिका रचणाऱ्याने इतिहासाला किती मुरड घालावी? अलीकडच्या काळातील गाजलेल्या खटल्यांवर एकामागून एक मालिका निघत असताना हे प्रश्न विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ते अधिक जवळचे का आहेत, हेही ओघाने येईल.

प्रथम आपल्या परंपरेकडे पाहू. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांपैकी आख्यानाचा शेवट ठाऊक नाही असा श्रोता विरळा. अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही हे माहीत असूनही श्रोते मध्यरात्रीपर्यंत बसून राहत. मराठी इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध खुनाचीही हीच गोष्ट आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी ज्याने कधी ऐकली नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. तरीही १९०९ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ लिहिले तेव्हा प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले, आणि १९४४ साली प्रभात कंपनीने ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला तेव्हाही लोक तो पाहावयास लोटले. खुनी कोण, हा प्रश्न घेऊन त्यांतील कोणीच आला नव्हता. सत्तेवर बसलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर दोषी म्हणण्याचे धैर्य एका न्यायाधीशापाशी कोठून आले, हे त्यांना पाहावयाचे होते. म्हणजे उत्कंठा होतीच. मात्र ती शेवटाविषयी नव्हती, शेवटाकडे नेणाऱ्या वाटेविषयी होती.

याच खुनाने आपल्या भाषेला ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार दिला. नारायणरावांना ‘धरावे’ अशी मूळ आज्ञा होती, आनंदीबाईंनी एक अक्षर फिरवून ‘मारावे’ असे केले, ही कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. तथापि अशा फिरवलेल्या पत्राचा आधार इतिहासापाशी नाही. आनंदीबाईंवरील हा दोषारोप प्रामुख्याने लोकपरंपरेवर आणि नाट्यमयतेच्या आवडीवर उभा आहे. कट कोणाचा, आज्ञा कोणाची, गारद्यांची थकलेली बाकी किती कारणीभूत, असे गुंतागुंतीचे प्रश्न सोडून एका स्त्रीच्या बोरूवर सारा भार टाकणे कथेला सोयीचे होते. सोय झाली, आणि दोन शतकांहून अधिक काळ एक स्त्री सिद्ध न झालेल्या अपराधाची शिक्षा भोगत आहे. गुन्ह्यावरील ऐतिहासिक नाट्याचा विचार करताना हे उदाहरण आम्ही सतत डोळ्यांपुढे ठेवतो.

येथे दोन प्रकारच्या मालिकांत भेद करावयास हवा. १९९३ साली दूरदर्शनवर बासू चटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्षी’ ही मालिका आली. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या कथांतील तो जुना कलकत्ता, ते धोतर नेसलेले सत्यान्वेषी, ती भाड्याची बिऱ्हाडे हे सारे पुष्कळांच्या स्मरणात असेल. हे बंगाली लेखक उत्तरायुष्यात पुण्यास येऊन राहिले होते, हे परमुलुखात मराठी जपणाऱ्या आमच्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तेथे काळ खरा, पण गुन्हे कल्पित. अशा मालिकेचा शेवट फोडू नये. तिच्याकडून मागावयाचे ते एवढेच की काळाचा तपशील चुकू नये. ज्या मालिकेत काळही खरा आणि गुन्हाही खरा, तिचे ऋण दुहेरी असते. तिने वेशभूषेशी प्रामाणिक राहावे, आणि निकालाशीही.

हे दुसरे ऋण किती सहज विसरले जाते याचा दाखला नानावटी खटल्यात मिळतो. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे जन्मठेप झाली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. या घटनेच्या आधारे २०१६ साली आलेल्या ‘रुस्तम’ या चित्रपटात नाव बदलले, नौदलातील भ्रष्टाचाराचे नवे कथानक जोडले, आणि नायक सुटतो तेथेच कथा संपवली. उच्च न्यायालय नाही, जन्मठेप नाही, माफीही नाही. ज्यांनी केवळ चित्रपट पाहिला त्यांच्या लेखी ज्यूरीचा कौल हाच न्यायाचा शेवटचा शब्द ठरला. हा खटला ज्यूरीपुढचा देशातील अखेरचा खटला होता, ही समजूतही अशीच प्रचलित झाली. वस्तुतः ज्यूरीची पद्धत त्यानंतरही काही ठिकाणी चालू राहिली आणि १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती मोडीत निघाली. २०१९ साली याच खटल्यावर खरी नावे ठेवून एक मालिका निघाली. चित्रपटात गाळलेल्या न्यायालयांना मालिकेच्या विस्तारात जागा मिळू शकते, हा तिचा मोठा लाभ आहे.

आता मराठीकडे वळू. २०२४ च्या ऑक्टोबरात ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका आली. दिग्दर्शक आशिष बेंडे; तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. परभणी जिल्ह्यातील मानवत या गावी नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात दहा खून झाले. बळी पडलेल्या सर्व मुली आणि स्त्रिया होत्या. निम्म्याहून अधिक तर कोवळ्या वयाच्या. गुप्तधन मिळावे, अपत्य व्हावे, यासाठी नरबळी दिले गेले असा सरकार पक्षाचा आरोप होता. १९४८ साली निजामी राजवटीतून सुटलेला आणि १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेला तो मराठवाडा. असा काळ उभा करणे सोपे नव्हे. परंतु आमच्या मते येथे खरी कसोटी धुळीच्या रस्त्यांची आणि जुन्या जीपगाडीची नाही. ती खटल्याच्या शेवटाची आहे.

रमाकांत कुलकर्णी हे मोठ्या योग्यतेचे अधिकारी होते. १९६८ साली रामन राघवचा तपासही त्यांनीच केला होता, आणि त्यांच्या आठवणींच्या पुस्तकावर ही मालिका आधारलेली आहे. तपास अधिकाऱ्याच्या आठवणींतून जन्मलेली कथा स्वभावतःच तपासाच्या यशाशी येऊन थांबते. गुन्ह्याचे जाळे उकलले की तिचे काम झाले. न्यायालयाचे काम मात्र तेथून पुढे सुरू होते. मानवतच्या खटल्यात ज्यांना सरकार पक्षाने कटाचे सूत्रधार म्हणून उभे केले होते, त्यांना सत्र न्यायालयाने दोषी ठरवले, पण वरच्या न्यायालयांत ते दोषमुक्त झाले. इतर काहींचा दोष कायम राहिला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी दिलेला निकाल कायद्याचे विद्यार्थी अजून वाचतात. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला स्वतंत्र पुराव्याची पुष्टी का हवी, आणि शिक्षा सुनावण्यापूर्वी आरोपीला तिच्याविषयी बोलण्याची संधी का द्यावयाची, याची चर्चा त्यात आहे. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड पुढच्याच वर्षी देशाचे सरन्यायाधीश झाले.

प्रेक्षकाच्या मनाला दोषमुक्तीचा शेवट रुचत नाही. आठ भाग त्याने खुनी कोण हे जाणण्यासाठी वाट पाहिलेली असते. अखेरीस ‘पुरावा अपुरा पडला’ हे उत्तर मिळाले तर तो फसवला गेल्यासारखा उठतो. म्हणून कथाकाराला मोह होतो की न्यायालयाला जे सिद्ध झालेले दिसले नाही ते आपण पडद्यावर घडताना दाखवावे. एकदा दाखवले की ते डोळ्यांनी पाहिल्यासारखे होते. मग न्यायालयाचा कागद कोण उघडतो? आरोपींत पारधी समाजातील स्त्री असली तर ही जोखीम अधिकच वाढते. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावरही ज्यांच्यावरचा संशय सरला नाही, त्यांच्यावर पडद्याने आणखी एक डाग ठेवू नये. आणि ज्या मुली मेल्या त्यांचाही हक्क आहेच. त्यांचे मरण रहस्याला चढवलेला मसाला नव्हे. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ साली आणि आमच्या कर्नाटकाला २०१७ साली कायदा का करावा लागला, याचे ते उत्तर आहे.

आता बंगळूरकडे येऊ. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर असलेल्या या नगरात मराठी माणूस परका नाही. पण त्याचे शेजारी वेगळ्या आठवणी घेऊन वाढलेले आहेत. मानवतचे नाव काढताच मराठवाड्यातून आलेले आमचे वडीलधारे गंभीर होतात; शेजारच्या कन्नड कुटुंबाला मात्र ते गाव कोठे आहे हेही सांगावे लागते. उलट २०२३ साली ‘डान्सिंग ऑन द ग्रेव्ह’ ही माहितीपटमालिका आली तेव्हा बंगळूरच्या जुन्या रहिवाशांना तिच्यात नवे रहस्य नव्हते. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांची नात शाकिरे खलीली १९९१ साली नाहीशी झाली. १९९४ साली रिचमंड रोडवरील तिच्याच घराच्या आवारात तिचा देह पुरलेला सापडला. पती दोषी ठरला. आमचे पुण्याचे नातलग तीच मालिका श्वास रोखून पाहत होते आणि शेवट सांगू नका असे बजावत होते! एकाचे रहस्य ते दुसऱ्याचे स्मरण, असा हा प्रकार आहे. या खटल्याचाही खरा शेवट ‘खुनी कोण’ यात नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी, कोणतीही सूट न देता आयुष्याच्या अखेरपर्यंत कारावास अशी शिक्षा दिली, आणि फाशी व नेहमीची जन्मठेप यांच्यामधली एक वाट भारतीय न्यायव्यवस्थेत रुळली. रहस्य फुटल्याने हे कळत नाही आणि फुटल्याने बिघडतही नाही.

यावरून आमच्या घरांपुढचा प्रश्न स्पष्ट व्हावा. पुण्यातल्या मुलाला शनिवारवाडा दिसतो, शाळेच्या पुस्तकात पेशवाई भेटते, आजोबांकडून खटल्यांच्या हकिगती कानांवर पडतात. मालिका पाहताना त्याच्यापाशी ताडून पाहण्यास काही असते. बंगळुरात वाढणाऱ्या आमच्या मुलांना मराठी मुलखाचा पुष्कळसा इतिहास प्रथम पडद्यावरच भेटतो. त्यांना शेवट ठाऊक नसतो, म्हणून ती निखळ उत्कंठेने पाहतात. आणि पडदा जे सांगेल तेच त्यांच्या पिढीचे स्मरण होते. एखादे अक्षर तेथे फिरले तर ते दुरुस्त करणारे दुसरे कोणी नसते.

आमचे मागणे फार नाही. घडलेल्या गुन्ह्यावर मालिका रचावी, संवाद कल्पावेत, प्रसंग जोडावेत. नाटककाराचा तो अधिकार खाडिलकरांनीही वापरला. परंतु शेवट बदलावयाचा असेल तर नावेही बदलावीत. आणि नावे खरी ठेवली असतील तर अखेरच्या भागात प्रत्येक न्यायालयाने काय ठरवले, कोण दोषी ठरले आणि कोण सुटले, हे वाचता येईल इतक्या सावकाश दाखवावे. घरच्यांनीही एक करावे. मुलांबरोबर मालिका पाहताना शेवट जरूर राखून ठेवावा, त्यांची मजा घालवू नये. मात्र ती संपल्यावर खरा निकाल काढून त्यांच्यासमवेत वाचावा. मालिकेने काय गाळले आणि काय घातले हे मुले आपणहून शोधू लागतील, आणि तो शोधही एखाद्या तपासाइतकाच त्यांना रंजक वाटेल.