चारा घोटाळा आणि लोकलेखा समितीची ढाल

चारा घोटाळा म्हटलं की एकच नाव घेतलं जातं, लालूप्रसाद यादव. ज्या समितीचं कामच सरकारी खर्चावर नजर ठेवण्याचं होतं, त्या बिहारच्या लोकलेखा समितीबद्दल आपले कार्यकर्तेही बोलत नाहीत. खरं तर बोलायला हवं ते तिच्याबद्दलच.

३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की, महालेखापरीक्षक हा बहुधा संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, त्याची कर्तव्यं न्यायपालिकेपेक्षाही मोठी आहेत. सभागृहाने मंजूर केलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च होत नाही ना, हे तो पाहतो. राज्याच्या हिशेबाचा त्याचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळासमोर येतो आणि लोकलेखा समिती तो तपासते. म्हणजे शेवटची जबाबदारी लोकप्रतिनिधींची.

बिहारमध्ये काय झालं? पशुसंवर्धन खातं वर्षानुवर्षं तरतुदीच्या दुपटीहून जास्त पैसे कोषागारातून उचलत होतं. न आलेला चारा, न घेतलेली औषधं, खोटी बिलं. ज्या गाड्यांतून माल आणल्याचं दाखवलं, त्यांचे नंबर तपासले तर त्यातले काही चक्क स्कूटरचे निघाले! यावर लोक अजून हसतात. पण जानेवारी १९९६ मध्ये उपायुक्त अमित खरे यांनी धाडी टाकल्या तो चाईबासा हा हो आदिवासींचा मुलूख आहे. तिथल्या गरिबाच्या घरी गाय-शेळी यावी म्हणून असलेल्या खात्याचा हा पैसा होता.

मार्च १९९६ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सीबीआय चौकशीचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे त्याने काय युक्तिवाद करावा? जादा खर्चाचा विषय महालेखापरीक्षकाच्या अहवालातून विधिमंडळाकडे जातो, तो लोकलेखा समितीने पाहायचा, न्यायालयाने त्यात पडू नये. बाबासाहेबांनी जी व्यवस्था जनतेच्या पैशाच्या रक्षणासाठी मांडली, तीच लुटीवर पांघरूण घालायला पुढे केली गेली. न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं, आणि योग्य केलं. एरवी विधिमंडळाच्या अधिकाराच्या बाजूने मी उभा राहीन, पण फौजदारी गुन्ह्याला विशेषाधिकार नसतो.

पुढे ३० सप्टेंबर २०१३ रोजी रांचीच्या विशेष न्यायालयाने चाईबासा कोषागारातल्या सुमारे ३७ कोटी ७० लाखांच्या प्रकरणात लालूप्रसाद आणि माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांना दोषी ठरवलं. त्याच यादीत जगदीश शर्मा होते. कधीकाळी लोकलेखा समितीचे अध्यक्ष! हिशेब तपासणाराच आरोपीच्या पिंजऱ्यात.

आता जातीचा मुद्दा. डिसेंबर २०१७ मध्ये देवघर कोषागार प्रकरणात मिश्र सुटले, लालूप्रसाद दोषी ठरले, तेव्हा आपल्याकडे खूप संताप झाला. माध्यमांनी लालूंची जशी टिंगल केली तशी मिश्रांची केली नाही, हे खरंच आहे आणि त्यामागे जात आहे. पण तेवढ्यावरून लालूंना निर्दोष म्हणणाऱ्या मित्रांशी माझं जमत नाही. लालूंची टवाळी जातीयवादी होती आणि चाईबासातला पैसाही गेला होता. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली पाहिजेत, कारण मिश्र सुटले काय किंवा लालू अडकले काय, त्या हो कुटुंबांच्या दारात जनावर आलंच नाही.