गोळी आज, उतार कधी?

नैराश्यावरची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘बरं कधी वाटणार?’ आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू.

यातली पहिली औषधं कुणी ठरवून शोधलेली नाहीत, बरं का. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिलं जात होतं. खंगलेल्या रुग्णांची भूक वाढली, ते उल्हसित दिसू लागले. पाच वर्षांनी नेथन क्लाइन यांनी ते नैराश्यावर वापरलं. पुढे यकृताला इजा होते असं आढळल्यावर ते अमेरिकेत मागे घेतलं गेलं.

दुसरी कथा स्वित्झर्लंडमधली. म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलंड कून एक नवं रसायन स्किझोफ्रेनियावर आजमावत होते. तिथे ते फसलं; काही रुग्ण उलट अस्वस्थ झाले. १९५६ मध्ये कून यांनी तेच नैराश्याच्या रुग्णांना दिलं, आणि त्यांना उतार पडला. हेच इमिप्रामिन. पुढच्या वर्षी झुरिकच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा श्रोते मोजकेच होते! याच रुग्णालयातल्या औषधचाचण्यांत रुग्णांच्या संमतीची नीट पर्वा केली गेली नव्हती, हेही आपण विसरता कामा नये.

मग सिद्धान्त आला: मेंदूतली काही रसायनं कमी पडतात म्हणून नैराश्य येतं. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि ‘सेरोटोनिन’ हा शब्द घरोघरी पोहोचला. पण इथे तर्काची एक गफलत आहे. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून ताप म्हणजे अंगातली पॅरासिटामॉलची कमतरता, असं आपण म्हणतो का? शिवाय ही गोळी सेरोटोनिनवर काही तासांत काम सुरू करते, माणसाला मात्र बरं वाटायला आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदू हळूहळू जुळवून घेत असावा, एवढंच आज म्हणता येतं.

आपल्या दृष्टीने हा मधला काळच महत्त्वाचा. कारण त्रास आधी येतो, उतार नंतर. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, तोंडाला कोरड, झोपेची उलथापालथ, बेचैनी असं काही ना काही होऊ शकतं. बहुधा ते ओसरतं. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, पुरता गुण यायला सहा ते आठही लागतात. नेमकं याच टप्प्यावर अनेकजण ‘हे आपल्याला मानवत नाही’ म्हणून गोळी सोडतात.

वाट पाहणं म्हणजे निमूट सोसणं नव्हे. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये तरुणांसाठी तसा ठळक इशारा छापायला लावला. असे विचार आले, बेचैनी अनावर झाली किंवा एकाएकी अतिउत्साह आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. बरं वाटल्यावरही गोळी परस्पर बंद करायची नाही. ती त्यांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायची.

घरच्यांनी रोज ‘आज कसं वाटतंय?’ असा तगादा लावू नये. सोबत राहावं, जेवणाखाण्याकडे, झोपेकडे लक्ष ठेवावं. इतके आठवडे एकट्याने काढणं जड जातं.