थांबायचे, पण कुठे?

गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्या डोळ्यांपुढे आणा. धुऱ्यालगत काय घडेल हे शेजारच्या बांधीतल्या पाण्यावर ठरते. मधल्या भागाला त्याची लगेच फिकीर नसते. समांतर संगणकावर हवामानाचे गणित असेच मांडतात. नकाशाचा एकेक तुकडा एकेका प्रक्रियकाकडे सोपवतात आणि कडेचे आकडे शेजाऱ्याकडून निरोपाने मागवतात. निरोप येईपर्यंत काय करायचे? या साध्या प्रश्नालाही इतिहास आहे.

१९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला हवा असलेला शक्तिशाली क्रे संगणक अमेरिकेने नाकारला. कमी क्षमतेचा दिला. १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. तिची धुरा अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्याकडे होती. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एकच अवाढव्य प्रक्रियक बनवण्याऐवजी त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे अनेक ‘ट्रान्सप्यूटर’ जोडले होते. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते.

ट्रान्सप्यूटरसाठी घडवलेली भाषा ऑकम. टोनी होर यांनी १९७८ साली मांडलेल्या कल्पनांवर ती उभी होती. तिच्यात निरोप हातोहात द्यायचा. घेणारा तयार होईपर्यंत देणारे काम थांबणार आणि देणारा येईपर्यंत घेणारे. पद्धत शिस्तीची, पण दोघेही एकाच वेळी ‘आधी तू घे’ म्हणून अडून बसले तर दोघेही कायमचे अडकतात.

दुसरी वाट अशी: निरोप सोडायचा, लगेच पुढच्या कामाला लागायचे आणि गरज पडेल तिथे थांबायचे. इंटेलच्या काही समांतर यंत्रांवर अशा आज्ञा आधीपासून होत्या. १९९४ साली ‘एमपीआय’ या मानकाने त्यांना सर्वमान्य रूप दिले. निरोप सोडण्याची आज्ञा वेगळी, वाट पाहण्याची ‘वेट’ ही आज्ञा वेगळी. आणि अनेक निरोपांची एकदम वाट पाहण्यासाठी ‘वेटऑल’.

मग ‘वेट’ गाळली तर? शाळेतील सूचनावही आठवा. शिपाई ती वर्गावर्गात फिरवत असतानाच मुख्याध्यापकांनी सूचना बदलली, तर काही वर्गांना जुनी सूचना मिळेल, काहींना नवी. संगणकातही तसेच होते. निरोप अजून जात असताना त्याच जागेत नवे आकडे लिहिले तर शेजाऱ्याला भेसळ मिळू शकते. यंत्र तक्रार करीलच असे नाही. अंदाज मात्र चुकतो, आणि तोही कधीकधीच. म्हणून अशी चूक सापडणे कठीण. आणखी एक बारकावा: पाठवणाऱ्याचे ‘वेट’ संपले म्हणजे त्याची जागा मोकळी झाली, एवढेच. पलीकडे निरोप पोचला, असा त्याचा अर्थ होतोच असे नाही.

तेव्हा क्रम असा: कडेचे निरोप सोडा, मधला भाग सोडवा, मग थांबा आणि शेवटी कडा सोडवा. वर्गात चार मुलांना आकड्यांच्या जाळीचे चार तुकडे देऊन, चिठ्ठ्यांच्या साहाय्याने हे करून पाहता येईल. वाट पाहणे टळत नाही, पण ते योग्य जागी नेता येते, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल.