सिलेंडरची तोटी आणि एक अट

गेल्या आठवड्यात लॅबमध्ये नव्या मुलांना गॅस सिलेंडर हाताळायला शिकवत होते. क्लोरीनपाशी आलो तेव्हा एकीने विचारलं, "मॅडम, हा श्वासात गेला तर नेमकं काय होतं?" मी पुस्तकी उत्तर दिलं. ओलाव्यात विरघळतो, आम्ल तयार होतं, फुफ्फुसात पाणी भरतं. उत्तर बरोबर होतं, पण घरी येताना वाटलं, अर्धंच दिलं. उरलेलं अर्धं इथे लिहिते. तुम्ही सध्या नेट-सेट, पेटच्या तयारीत आहात, विषय शोधताय, आणि हा भाग कुठल्याच पेपरला येत नाही.

२२ एप्रिल १९१५, बेल्जियममधलं ईप्र. वारा हवा तसा वाहू लागला तेव्हा संध्याकाळी जर्मन सैनिकांनी साडेपाच हजारांहून जास्त सिलेंडरच्या तोट्या उघडल्या. सुमारे दीडशे टन क्लोरीन. हवेपेक्षा जड, त्यामुळे तो थेट समोरच्या खंदकांत उतरला. तिथे फ्रान्सच्या तुकड्या होत्या, त्यांत अल्जीरियातून आणलेले सैनिकही. चार दिवसांनी तिथेच आपली लाहोर डिव्हिजन हल्ल्याला गेली, धड मास्कसुद्धा नसताना. जमादार मीर दस्त यांना त्या दिवसाच्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गॅसची बाधाही झाली, आणि तो त्रास मागे लागला.

हे सगळं उभं करणारा माणूस तुम्हाला बारावीपासून माहीत आहे. अमोनियाच्या हेबर पद्धतीतला हेबर, म्हणजे फ्रिट्झ हाबर. तो स्वतः आघाडीवर हजर होता. हाताशी तरुण शास्त्रज्ञ हवेत म्हणून त्याने ओटो हान, जेम्स फ्रांक आणि गुस्टाव हर्ट्झ यांना बोलावलं. तिघांनाही पुढे नोबेल मिळालं. म्हणजे ही माणसं साधी नव्हती, आणि विचार न करणारी तर नव्हतीच. हान यांनी लिहून ठेवलंय, की हे हेगच्या कराराविरुद्ध आहे असं त्यांनी हाबरला तोंडावर सांगितलं होतं. त्यावर हाबरचं उत्तर असं: सुरुवात फ्रेंचांनीच केलीय, आणि यामुळे युद्ध लवकर संपून असंख्य जीव वाचतील. हान तयार झाले.

युद्ध त्यानंतर साडेतीन वर्षं चाललं.

हाबरची पत्नी क्लारा इमरवार, स्वतः रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, हिने २ मे १९१५ रोजी आत्महत्या केली. ती गॅसच्या निषेधार्थ होती असं छातीठोकपणे सांगितलं जातं. इतिहासकारांचं यावर एकमत नाही, आणि संशोधन करणाऱ्यांनी तरी अशा सोप्या गोष्टींपासून जपून राहावं.

हान नंतर पूर्व आघाडीवर गेले. तिथे गॅसने तडफडणारे रशियन सैनिक त्यांनी जवळून पाहिले. आपल्याकडची श्वसनयंत्रं लावून काहींना वाचवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. लाज वाटली, असं ते नंतर मोकळेपणाने सांगतात. आणि पुढे हेही सांगतात, की रोज त्याच विषारी वायूंत काम करून मन इतकं बधिर झालं की टोचणी उरलीच नाही. मला हे वाक्य सगळ्यात भीतीदायक वाटतं. रोजच्या कामात हात बसला की काय होतं हे लॅबमध्ये राहणाऱ्या माणसाला कुणी वेगळं सांगायला नको.

नकार देता येत होता का? माक्स बॉर्न यांनी दिला. हाबरच्या कामात येणार नाही म्हणाले. त्यांचंही काही बिघडलं नाही. पुढे नोबेल त्यांनाही मिळालं.

आता फ्रांक यांच्याकडे या, कारण मला खरं सांगायचंय ते इथे आहे. १९३३ मध्ये नाझींनी ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढायचा कायदा केला. फ्रांक ज्यू होते, पण पहिल्या महायुद्धात लढलेले म्हणून त्यांना सूट होती. तरीही त्यांनी ग्योटिंगेनची प्राध्यापकी सोडली आणि राजीनामा जाहीर केला. कोपनहेगनमार्गे अमेरिकेत गेले. युद्धात अणुबॉम्बच्या कामासाठी शिकागोच्या प्रयोगशाळेत बोलावणं आलं, तेव्हा आत पाऊल टाकण्याआधी त्यांनी प्रमुख आर्थर कॉम्प्टन यांना अट घातली: बॉम्ब तयार झाला आणि तो दुसऱ्या कुणाकडे नसला, तर तो वापरण्याबद्दल माझं मत सर्वांत वरपर्यंत पोहोचवायची मुभा मला हवी. अट कामाच्या सुरुवातीला घातली, शेवटी नाही. १९१५ चा अनुभव गाठीशी नसता तर हे सुचलं असतं, असं मला वाटत नाही.

११ जून १९४५ रोजी त्यांच्या समितीचा अहवाल तयार झाला. सात जण होते, त्यांत लिओ झिलार्ड आणि ग्लेन सीबोर्ग. मागणी अशी, की बॉम्ब शहरावर टाकू नका. आधी वाळवंटात किंवा ओसाड बेटावर जगासमोर दाखवा. फ्रांक तो घेऊन वॉशिंग्टनला गेले. कॉम्प्टन यांनी अहवालाला जोडपत्र लावलं आणि त्यात उणीव दाखवली: युद्ध लवकर संपून जे जीव वाचतील त्यांचा यात उल्लेख नाही.

तीस वर्षांपूर्वी हाबर हेच म्हणाला होता. दोन्ही वेळा समोर फ्रांकच्या पिढीतली तीच माणसं. आता, १९४५ मध्ये हा युक्तिवाद खोटाच होता असं मी म्हणणार नाही. जपानच्या शरणागतीवर इतिहासकार अजून भांडतायत. पण १९१५ मध्ये तो चुकला होता हे नक्की, आणि ते पाहिलेला माणूस त्या अहवालावर सही करत होता. काही दिवसांतच ओपेनहायमर, फेर्मी, लॉरेन्स आणि कॉम्प्टन या चौघांनी कळवलं, की नुसत्या प्रात्यक्षिकाने युद्ध संपेल असं वाटत नाही. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसं मेली होती.

६ ऑगस्टच्या संध्याकाळी ओटो हान इंग्लंडमध्ये फार्म हॉल नावाच्या घरात नजरकैदेत होते. बातमी कळल्यावर ते पार ढासळले. या मृत्यूंना आपण जबाबदार आहोत, म्हणाले. सोबतच्या शास्त्रज्ञांना ते जिवाचं काही बरंवाईट करतील अशी धास्ती वाटली. हे आपल्याला कळतं, कारण घरात ब्रिटिशांनी माइक लपवले होते. त्या नोंदी १९९२ मध्ये खुल्या झाल्या. गंमत म्हणा की क्रूरपणा, १९१५ मध्ये आपण काय करतोय हे हान यांना पक्कं माहीत होतं. डिसेंबर १९३८ मध्ये मात्र बर्लिनच्या प्रयोगशाळेत ते फक्त एवढंच शोधत होते, की युरेनियमवर न्यूट्रॉन सोडल्यावर त्यात बेरियम कुठून येतंय.