जात्याची टाकी

गंगाखेडला गोदाकाठी संत जनाबाईंचे मंदिर आहे आणि पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचे म्हणून एक जाते दाखवतात. काल्याला गेलेल्या पुष्कळ माऊलींनी त्याला हात लावला असेल. भक्ताला त्याचे वय विचारायची गरज वाटत नाही. पण जाते या वस्तूचा इतिहास मात्र विचारण्यासारखा आहे. माऊलींनी जिथे ज्ञानेश्वरी सांगितली त्या नेवाशात 1954 ते 1956 या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केले. तिथल्या सातवाहनकाळच्या थरांत फिरती दगडी जाती मिळाली. म्हणजे जनाबाई दळायला बसल्या तेव्हाच जाते हजार वर्षांहून जुने होते, आणि आपल्या आजीपर्यंत ते फारसे बदलले नाही.

एवढे टिकण्याचे कारण काय? परभणी जिल्ह्यात दगडाला तोटा नाही. चारठाण्याची यादवकालीन मंदिरे ज्या काळ्या पाषाणाची, त्याच जातीच्या दगडाची जाती घरोघरी होती. पण नुसता दगड कठीण असून भागत नाही. दळून दळून दोन्ही तळ्या गुळगुळीत होतात, मग ज्वारी भरडली जात नाही, नुसती घसरते. अशा वेळी टाकी लावणारा लागे. तो वरची तळी उचलून बाजूला ठेवी आणि छिन्नी-हातोडीने दोन्ही तळ्यांवर बारीक खाचा पाडी. खुंटा सैल झाला तर सुतार नवा ठोकून देई. जाते उघडता येई, त्याचे दुखणे डोळ्यांना दिसे आणि ते बरे करणारा माणूस दारावरून हाक देत जाई. म्हणून सासूचे जाते सुनेला आणि तिचे नातसुनेला मिळे.

टाकी लावणारे बहुधा वडार समाजाचे. दुसऱ्याच्या घरची वस्तू पिढ्यान् पिढ्या टिकवणाऱ्या या लोकांचे बिऱ्हाड मात्र गाढवाच्या पाठीवर असे. जुन्या वस्तूंचे गोडवे गाताना हे आपण सोयीने विसरतो.

आता कारखान्याच्या वस्तूंकडे पाहू. 1924 साली जिनिव्हात विजेचे दिवे करणाऱ्या बड्या कंपन्या एकत्र आल्या. दिवा हजार तासच जळावा असे त्यांनी आपसात ठरवले आणि ज्याचा दिवा जास्त टिकेल त्याला दंड लावला. तेव्हाचे कित्येक दिवे त्याहून जास्त टिकत. टिकाऊ वस्तू करणे हा अपराध ठरला! कारागिरांना विद्या येत होती, ती त्यांना वापरू दिली नाही. आजच्या मिक्सरची मोटर शाबूत असते, पण एक प्लास्टिकचा तुकडा झिजतो आणि तो भाग आता येत नाही असे उत्तर मिळते. 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. टाकीवाल्याच्या काळात असा हक्क कोणाला मागावा लागला नव्हता.

तरी जाते परत आणा, असे मी म्हणणार नाही. पहाटे तीनला उठून पायलीभर दळणाऱ्या बाईला पिठाच्या गिरणीने दोन तासांची झोप दिली, आणि ती तिच्या हक्काचीच होती. मात्र जात्याबरोबर ओवीही उठून गेली. पुण्याहून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला 1996 मध्ये अशा ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत जनी आहे, विठ्ठल आहे, माहेर आहे, सीतेचा वनवासही आहे.

आपल्याकडची जाती आता लग्नातल्या हळदीपुरती निघतात, एरवी अंगणात पालथी पडलेली असतात. हळद दळताना घसरू लागली की घरातले म्हातारे माणूस म्हणते, टाकी लावून घ्यायला हवी. मग कोणाला बोलवायचे, याची चर्चा सुरू होते.