प्रथिनांचा आकडा आणि आपलं ताट

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक बाई भेटायला आल्या होत्या. त्यांचा मुलगा व्यायामशाळेत जातो. तिथं त्याला सांगितलं गेलं, की वरण-भात, भाजी-पोळी खाऊन काही होणार नाही. शाकाहारी आहेस ना, मग डब्यातली पावडर घ्यायलाच हवी. बाई मला म्हणाल्या, "सर, आमच्या घरात चार पिढ्या कुणी अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. मग आम्ही सगळे अर्धपोटीच जगलो का?"

मी काही आहारतज्ज्ञ नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. पण प्रश्न मला इतिहासाचाच वाटला. 'इतकी प्रथिनं लागतात' असं जे आपण म्हणतो, तो आकडा आला कुठून? कुणी ठरवला? आणि तो दीडशे वर्षांत इतक्या वेळा का बदलला? आजचं व्याख्यान या आकड्याच्या प्रवासाचं आहे.

सुरुवात शब्दापासून करू. १८३८ साली मुल्डर नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञानं 'प्रोटीन' हा शब्द छापला. शब्द सुचवला होता बर्झेलियसनं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पहिल्या क्रमांकाचं, अग्रस्थानी असलेलं. आपल्या 'प्रथिन' शब्दातही 'प्रथम'चा नाद ऐकू येतोच. म्हणजे बघा, या पदार्थाबद्दल फारशी माहिती होण्याआधीच त्याला मानाचं पान मिळालं होतं.

पुढे जर्मनीत लीबिग यांनी १८४२ मध्ये मांडलं, की स्नायू काम करतात ते स्वतःतली प्रथिनं जाळून. जितके कष्ट जास्त, तितकी प्रथिनं जास्त, असा हा सरळ हिशेब. लोकांना तो पटला. पण १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न डोंगर चढले. चढताना त्यांनी प्रथिनं नसलेलं अन्न खाल्लं आणि लघवी जमा करून तिच्यातला नत्र मोजला. प्रथिनं जळली की नत्र लघवीतून बाहेर पडतो, म्हणून. हिशेब केला तर जळलेल्या प्रथिनांमधून एवढा डोंगर चढायची ताकद निघणं शक्यच नव्हतं. म्हणजे इंधन दुसरं होतं: पिष्ट आणि चरबी. लीबिगचा सिद्धांत तिथंच पडला. पण 'ताकद म्हणजे प्रथिनं' ही समजूत काही पडली नाही. ती अजून व्यायामशाळेत उभी आहे!

आता पहिला मोठा आकडा. म्युनिकच्या कार्ल फॉइट यांनी सांगितलं, की मध्यम कष्टाच्या माणसाला रोज ११८ ग्रॅम प्रथिनं हवीत. अमेरिकेत अ‍ॅटवॉटर यांनी तो १२५ वर नेला. हे आकडे आले मुख्यतः धडधाकट कामगार काय खातात ते पाहून. यातली गोम लक्षात घ्या. माणूस जितकं खातो तितकं त्याला लागतंच, असं त्यांनी धरलं. ज्याला मांस परवडतं तो ते खाणारच. पण त्यावरून गरज कशी ठरेल?

हे तपासलं येल विद्यापीठाच्या चिटेंडन यांनी. त्यांनी स्वतःवर, सहकाऱ्यांवर, सैन्याच्या रुग्णसेवा दलातल्या जवानांवर आणि विद्यापीठातल्या खेळाडूंवर महिनोन्‌महिने प्रयोग केले. १९०४ च्या पुस्तकात त्यांनी निष्कर्ष मांडला, की फॉइटच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास प्रथिनांवरही माणसं ठणठणीत राहतात, खेळाडूंची ताकद कमी होत नाही.

वाद मिटायला हवा होता. पण इथं आपला देश गोष्टीत येतो, आणि गोष्टीचा रंग बदलतो.

कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मॅके नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी बंगालच्या तुरुंगांतला आहार अभ्यासला आणि १९१२ मध्ये प्रथिनांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की चिटेंडन चुकताहेत, आणि पुरावा हवा असेल तर बंगाल्यांकडे बघा. भात खातात, प्रथिनं कमी पडतात, म्हणून अंगात जोम नाही. उलट शीख, नेपाळी बघा. आता हा काळ कुठला? इंग्रज सरकार 'लढाऊ जाती' आणि बाकीचे अशी देशाची वाटणी करत होतं, तो. त्या वाटणीला या पुस्तकानं ताटाचा आधार दिला. मलेरिया, दारिद्र्य, जमीनदारी हे सगळं बाजूला राहिलं आणि दोष गेला भाताकडे.

याच धाग्यावर, पण बऱ्याच शहाणपणानं काम केलं रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी, निलगिरीतल्या कुन्नूरला. त्यांनी उंदरांचे गट केले आणि एकेका गटाला हिंदुस्थानातल्या एकेका प्रांताचा आहार दिला. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. सगळ्यात चांगली वाढ शीख आहारावर झाली, सगळ्यात कमी मद्रासी आहारावर. मराठा आहाराचा नंबर तिसरा लागला. (हशा) हसू नका, उंदरांचा होता तो नंबर!

त्या शीख आहारात होतं काय? बिनचाळल्या गव्हाच्या पोळ्या, दूध, लोणी, डाळ, भाज्या. मांस होतं, पण आठवड्यातून एखाद्या वेळी. शेवटच्या नंबरच्या आहारात होता सडलेला, धुतलेला तांदूळ आणि जवळजवळ नाहीच असं दूध. पुढे त्यांनी गरीब इंग्रज कामगाराचा आहारही उंदरांना दिला: पांढरा पाव, मार्गरीन, गोड चहा, डबाबंद मांस, मुरंबा. ते उंदीर खुरटले आणि एकमेकांना मारून खाऊ लागले. मांस तर त्या ताटातही होतं. म्हणजे प्रश्न फक्त 'मांस आहे की नाही' असा नव्हता. ताटातलं मुख्य धान्य कुठलं, त्याचं काय केलंय, आणि सोबत डाळ-दूध आहे का, असा होता. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण परत तिथं येणार आहोत.

याच सुमारास गांधीजींचा स्वतःच्या ताटावरचा प्रयोग चालू होता. १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडलं. पुढे मोठं आजारपण आलं, मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आणि १९१९ मध्ये कस्तुरबांच्या सुचवण्यावरून ते शेळीचं दूध घेऊ लागले. याची रुखरुख त्यांना कायम राहिली. दुधाला वनस्पतीतून पर्याय शोधायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. पण पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी प्रांजळपणे मान्य केलं, की शाकाहाराला दुधाची जोड हवी. स्वतःच्या मताविरुद्ध गेलेला प्रयोग असा कबूल करणं सोपं नसतं.

आता दुसऱ्या महायुद्धानंतर या. १९३० च्या दशकात आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, डॉ. सिसिली विल्यम्स यांनी लहान मुलांच्या एका आजाराची नोंद केली होती. अंगावर सूज, केस विरळ, कातडी सोलवटलेली. तिथल्या गा भाषेतलं नाव त्यांनी वापरलं: क्वाशिओर्कर. धाकटं भावंडं आलं की अंगावरचं दूध तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. दूध गेलं आणि पोटात मक्याची पेज आली.

या आजारावरून जगभर समज झाला, की गरीब देशांचं मुख्य दुखणं म्हणजे प्रथिनांची तूट. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार गट बसला. १९६८ मध्ये 'येऊ घातलेलं प्रथिन संकट' अशा आशयाचा अहवाल आला. आपल्याकडे म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेनं शेंगदाण्याच्या पेंडीचं आणि हरभऱ्याचं पीठ मिसळून पौष्टिक अन्न तयार केलं. हेतू चांगलाच होता. पण तोपर्यंत 'मुलं उपाशी आहेत' हे वाक्य मागे पडून 'मुलांना प्रथिनं कमी पडतात' हे वाक्य पुढे आलं होतं.

ते वाक्य पुन्हा जागेवर आणणाऱ्यांत एक आपला माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी, संख्याशास्त्रज्ञ. रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत त्यांनी जवळपास वीस वर्षं काढली. १९७० मध्ये त्यांनी भारतातल्या आहाराच्या नोंदी घेऊन एक साधा प्रश्न विचारला: ज्यांना प्रथिनं कमी पडतात, त्यांना एकूण अन्न तरी पुरतं का? उत्तर आलं, बहुतेकांना नाही. पोटभर ज्वारी-गहू-डाळ मिळणारा माणूस प्रथिनांत कमी पडतो, असं क्वचितच दिसलं.

हैदराबादला डॉ. गोपालन यांना हेच दवाखान्याच्या बाजूनं दिसत होतं. क्वाशिओर्कर झालेली मुलं आणि नुसती सुकलेली मुलं यांच्या आजाराआधीच्या खाण्यात त्यांना फरक सापडला नाही. मग त्यांच्या गटानं खेड्यातल्या मुलांना रोज सुमारे तीनशे कॅलरीचा जादा खाऊ दिला. त्यात प्रथिनं होती जेमतेम तीन ग्रॅम. तरी मुलांची वाढ सुधारली. का? पोट रिकामं असलं की शरीर आहे ती प्रथिनंसुद्धा जळणासारखी वापरून टाकतं. घरात लाकूड नसलं की माणूस खुर्च्या मोडून चुलीत घालतो, तसं. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मॅक्‌लारेन यांनी या सगळ्या प्रकरणाला 'प्रथिनांचा महाघोटाळा' असंच नाव दिलं.

इथं एक सावधगिरी. सुखात्मे पुढे म्हणू लागले, की माणसाची गरज रोज बदलते, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, म्हणून सरासरी गरजेच्या रेषेखालचे सगळे भुकेले धरू नका. यावर पुण्यातच वि. म. दांडेकरांनी त्यांच्याशी जोरदार वाद घातला. गोपालनही या मताच्या विरोधात गेले. जुळवून घेणं म्हणजे निरोगी असणं नव्हे, खुरटलेलं मूल हे जुळवून घेतलेलं मूल असतं, असा विरोधकांचा रोख होता. मला स्वतःला या भागात दांडेकर-गोपालन यांची बाजू पटते. पण प्रथिनांबद्दलचं सुखात्म्यांचं मूळ म्हणणं त्यानं खोटं पडत नाही.

मग आज तो आकडा किती? २०२० च्या भारतीय शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम. ६५ किलोच्या पुरुषाला साधारण ५४, ५५ किलोच्या स्त्रीला साधारण ४६. फॉइटच्या ११८ पासून आपण इथवर उतरलो.

दोन ताटं मांडून बघू. पहिलं शेतात राबणाऱ्याचं. दिवसाला ४०० ग्रॅम ज्वारी, म्हणजे ४० ग्रॅम प्रथिनं. ५० ग्रॅम डाळ, म्हणजे ११. मूठभर शेंगदाण्याची चटणी, ७. झाले ५८. दुधाचा थेंब नाही, तरी आकडा गाठला. शिवाय ज्वारीत लायसिन हे ॲमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. पिठलं-भाकरी, वरण-भात या जोड्या उगाच जमलेल्या नाहीत. आणि त्या एकाच घासात जमायला हव्यात असंही नाही. दिवसभरात जमल्या तरी चालतं.

दुसरं ताट आपलं, खुर्चीवर बसणाऱ्यांचं. चार पातळ पोळ्या, १३ ग्रॅम. वाटीभर भात, ५. पातळ वरणातली २५ ग्रॅम डाळ, ५. कपभर दूध, ६. बेरीज तीसच्या आसपास. बाकीचं पोट कशानं भरतं? साखर, तेल, बिस्किटं, फरसाण, आणि उपवासाला साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळपास शून्य. म्हणजे 'पोट भरलं की प्रथिनं भरली' हा सुखात्म्यांचा नियम भाकरीला लागू होतो, साबुदाण्याला नाही. मॅक्‌कॅरिसनच्या उंदरांनी हेच सांगितलं होतं: मुख्य अन्न कुठलं आहे ते बघा.

आणि पहिलं ताट तरी आज तसं राहिलंय का? १९५१ मध्ये देशात माणशी रोज सुमारे ६० ग्रॅम डाळी उपलब्ध होत्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. हरितक्रांतीनं गहू-तांदळाला पाणी, बियाणं आणि हमखास सरकारी खरेदी दिली. तूर-हरभरा कोरडवाहू जमिनीवर ढकलला गेला. रेशनवर गहू-तांदूळ मिळाला, डाळ बाजारभावानं घ्यावी लागली. महाराष्ट्रात सोयाबीन अमाप पिकतं, पण तेल काढून त्याची पेंड बहुतांशी कोंबड्या-जनावरांच्या खाद्याला जाते. ज्यांच्या शेतात ते पिकतं, त्यांच्या ताटात ते क्वचित दिसतं.

शाकाहार दोन प्रकारचा असतो, हे आपण विसरतो. एक व्रताचा, आणि एक परवडत नाही म्हणून झालेला. पहिल्याला डबा विकायला दुकानं रांगेत उभी आहेत. दुसऱ्याची डाळ पातळ होत गेली, त्याची जाहिरात कुणी केली नाही.

तर त्या बाईंना माझं उत्तर. तुमच्या चार पिढ्या अर्धपोटी नव्हत्या; त्यांचं ताट मात्र वेगळं होतं. मुलाला म्हणावं, जोरदार व्यायाम करतोस तर थोडी जास्त प्रथिनं लागतील, खरं आहे. वरण घट्ट कर, उसळ रोज खा, दही-दूध, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या घे. सुकी वडी ५० ग्रॅम घेतली तर २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार. एवढं करून पावडर घ्यायची तर घे, ती विष नाही. पण तिच्यावाचून अडत नाही.

आणि आपण बाकीच्यांनी एक करू. घरी कामाला येणाऱ्या मावशींना, बांधकामावरच्या माणसाला, एकदा सहज विचारू, की आज डाळ होती का. आकड्याचा इतिहास तिथं येऊन थांबतो.