जुनी गाडी आणि तिचा मिस्त्री

१९६७ साली जॉर्ज आकरलॉफ नावाचा एक तरुण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वर्षभरासाठी दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, तेव्हा त्याचा एक लेख अमेरिकेतल्या संपादकांच्या टेबलावर पडून होता. विषय जुन्या मोटारींचा. शोरूममधून बाहेर पडलेली कोरी गाडी दुसऱ्याच दिवशी विकायला काढली तरी तिची किंमत एवढी का घसरते, असा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर असे की विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना खोड असणार असे धरून भाव पाडतो, मग चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतो तो गाळ. हा विचार क्षुल्लक आहे म्हणून लेख परत आला. १९७० साली तो कुठे एकदाचा छापून आला आणि २००१ साली आकरलॉफला नोबेल मिळाले. गंमत अशी, की ज्या देशात बसून तो नकाराची पत्रे वाचत होता तिथला मोटारींचा बाजार नेमका उलटा चालत होता. इथे कोरी गाडी शोरूमबाहेर पडली की तिची किंमत वाढायची.

या उलट्या बाजाराचे कारण मोटारीत नव्हते, परवान्यात होते. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या मोजून तीन: कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला ॲम्बेसेडर, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट. १९५९च्या एका आदेशाने नव्या गाड्यांचे वाटप आणि विक्री सरकारच्या नियंत्रणाखाली आली, पुढे किमतीही सरकार ठरवू लागले. साऱ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजारांपेक्षा कमी मोटारी बनत. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट बघायची. ज्याला थांबायचे नव्हते तो जुनी गाडी घेई आणि न थांबण्याचे पैसे मोजी. गाडी चांगली असते म्हणून हे घडे असे मुळीच नाही. नव्या गाड्यांबद्दलच इतक्या तक्रारी होत्या की साठच्या दशकात सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमावी लागली. म्हणजे त्या काळी गाडी घेणाऱ्याला गाडी बिघडेल का, अशी शंकाच नसे. ती बिघडणार हे गृहीत धरूनच तो बाहेर पडे. तरीही शहाणीसुरती, जमाखर्च मांडून जगणारी माणसे दहा-दहा वर्षे वापरलेल्या फियाटसाठी साठवलेले पैसे काढून देत. ती मूर्ख होती असे मानायचे नसेल, तर त्यांच्या हिशोबात आज आपण विसरलो आहोत अशी कुठली रक्कम धरलेली होती, ते शोधायला हवे.

माझ्या मते ती रक्कम मिस्त्रीची होती. भरवशाची गाडी असे आपण म्हणतो तेव्हा भरवसा हा गाडीच्या पत्र्यात किंवा इंजिनात असतो असे धरून चालतो. आपल्याकडच्या जुन्या बाजाराचा इतिहास सांगतो की तो बराचसा गाडीबाहेर असतो: हाताशी असलेल्या कारागिरात, सुट्या भागांच्या दुकानात आणि त्या गाडीची खोड आधीच शंभर वेळा पाहिलेल्या डोळ्यांत. १९५४च्या सुमाराची, पुढून नाकाड बाहेर काढलेली फियाट मुंबईत ‘डुक्कर’ म्हणून ओळखली गेली. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ची डिलाइट आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी. नावे बदलली, चेहरा बदलला, पण डिलाइटपासून पद्मिनीपर्यंत आतला ऐवज तोच: १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, मागे पाट्याचे स्प्रिंग. २०००च्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत त्यात मूलभूत फरक झाला नाही. कारखान्याच्या दृष्टीने हा आळस होता. पण जुन्या गाडीच्या गिऱ्हाईकाला त्याच आळसाचा मोठा फायदा झाला, कारण एकदा शिकलेली गाडी मिस्त्रीला पुन्हा शिकावी लागली नाही.

गाडी बघायला मिस्त्री जाई तेव्हा काय पाही? आदल्या रात्रीपासून न चालवलेली गाडी सकाळी थंड इंजिनावर सुरू करायला सांगे. बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढी. तिथून भकाभका वाफ आली तर रिंग-पिस्टन गेले. मग मागे जाऊन धूर बघायचा: निळा असेल तर गाडी ऑइल खाते, काळा असेल तर कार्बोरेटरचा मामला, पांढरा आणि थांबत नसेल तर हेड गॅस्केट. स्टिअरिंगला किती खेळ आहे ते दोन बोटांनी, दाराच्या खालच्या कडेला पुट्टी भरली आहे का ते नखाने वाजवून. शेवटी एक चक्कर. एवढ्यावर तो ‘इंजिन काम निघेल’ किंवा ‘पत्रा गेलाय, नको’ असे सांगे, आणि इंजिन काम निघेल या वाक्याने सौदा मोडत नसे. त्या कामाचा अंदाजे आकडा गाडीच्या किमतीतून वजा होई, इतकेच. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून जसा सौदा होतो आणि दोन दाती, चार दाती, जुळलेला असे तोंड उघडून वय मोजले जाते, तशी ही मोजणी होती. खोड हा शब्दसुद्धा तिथलाच. खोड असलेला बैल विकला जात नाही असे नाही. खोड ठाऊक झाली की तिचा भाव ठरतो.

या मिस्त्रीच्या पाठीशी अख्खी पेठ उभी होती. मुंबईत नवे भाग ऑपेरा हाउसकडे, जुने कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. पुण्यात नाना पेठ, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर न मिळणारा भाग लेथवर करून देणारे हात होते. मुंबईत या सगळ्याला जिवंत ठेवले ते काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी, याकडे सहसा लक्ष जात नाही. टॅक्सी हजारोंच्या संख्येने रोज धावत, रोज झिजत, म्हणून पद्मिनीचा क्लच प्लेट, वॉटर पंप, किंगपिन कोपऱ्यावरच्या दुकानात पडलेला असे आणि स्वस्तही असे. खासगी फियाट घेणारा मध्यमवर्गीय खरे तर टॅक्सीवाल्यांच्या झिजेवर उभारलेल्या व्यवस्थेत फुकटात राहायला येई. त्याला त्याची जाणीव होती की नाही कोण जाणे, पण भावात ती उतरलेली होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे गरजेचे गोडवे गाणे झाले. गाडी दुरुस्त करता येते हे तिच्या सतत नादुरुस्त असण्याचे समर्थन कसे होईल? चढावर रेडिएटर उकळलेल्या गाडीशेजारी पाण्याची बाटली घेऊन उभे राहणे हा काही संस्कृतीचा ठेवा नव्हे. हे मला मान्य आहे. स्पर्धा नसल्यामुळे कारखान्यांना सुधारण्याची गरज वाटली नाही, आणि त्याची किंमत गिऱ्हाइकाने भरली. मिस्त्रीही काही संत नव्हता, दलालाकडून त्याचा कट ठरलेला असे. पण माझा मुद्दा त्या गाड्या चांगल्या होत्या असा नाहीच. वाईट गाडीही विचारपूर्वक घेता येत होती, कारण तिच्या वाईटपणाचा खर्च आधी सांगता येत होता, हा मुद्दा आहे. आणि मिस्त्रीच्या लबाडीला एक नैसर्गिक लगाम होता. ज्या गाडीला तो ‘घ्या’ म्हणाला तीच गाडी पंधरा दिवसांनी त्याच्याच दारात येऊन उभी राहणार, हे त्याला कळत होते.

हा युक्तिवाद केवळ पद्मिनीवर टिकत असता तर मीही त्यावर फार भार टाकला नसता. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. तंत्रदृष्ट्या ती फियाट आणि ॲम्बेसेडर या दोघींपेक्षा कितीतरी भरवशाची होती यात वाद नाही. मात्र हळूहळू गावोगावच्या गॅरेजांना ती पाठ झाली, आणि त्यानंतर जुन्या ८००ला जो भाव टिकून राहिला तो केवळ सुझुकीच्या अभियांत्रिकीने समजावता येत नाही. याचा पुरावा उलट्या बाजूने मिळतो. नव्वदच्या दशकाच्या मध्याला प्रीमियरनेच फ्रान्सच्या प्यूजोशी हात मिळवून कल्याणच्या कारखान्यातून ३०९ ही गाडी काढली. चालवायला ती उत्तम होती असे जाणकार आजही सांगतात. कारखाना बंद पडला आणि गाड्या पोरक्या झाल्या. देवूची सिएलो आणि मॅटिझ, कोरियातली मूळ कंपनी कोसळल्यावर, त्याच वाटेने गेल्या. तळेगावला कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने २०१७च्या अखेरीस देशातली शेवरोलेची विक्री थांबवली, फोर्डने २०२१मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, आणि दोन्ही वेळा जुन्या गाड्यांचे भाव पडले. घोषणेच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दारातली गाडी तीच होती. एक बोल्टही सैल झाला नव्हता. घसरला तो उद्याच्या दुरुस्तीवरचा विश्वास, आणि बाजाराने किंमत लावली ती त्याचीच. बंद झालेल्या कंपन्यांची ही यादी वाचताना, त्यातल्या कुठल्या गाडीचे भाग आजही सहज मिळतात आणि कुठल्या गाडीचे नाहीत, हे विचारणारा माणूस अशा गाडीत चक्क पैसे वाचवू शकतो. भावातली घसरण सगळ्यांना सारखी लागू होते, भागांची टंचाई तशी नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आता मिस्त्रीची गरजच काय? आकरलॉफने आपल्या लेखातच उपाय सांगितला होता: हमी द्या, नाव असलेल्या दुकानातून विका, म्हणजे गिऱ्हाईक विश्वास ठेवील. योगायोगाने त्याला नोबेल मिळाले त्याच २००१ साली मारुतीने ट्रू व्हॅल्यू ही जुन्या गाड्यांची दुकाने सुरू केली. पुढे इतर कंपन्या आल्या, मोबाइलवरून गाडी विकणारे आले, वाहन या सरकारी नोंदीत गाडीवर कर्ज आहे का, मालक कितवा, विमा कधीपर्यंत हे कुणालाही बघता येऊ लागले. २०२२च्या अखेरीस तर जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकृत मान्यता घ्यायला लावणारे नियमही निघाले. हे सगळे चांगलेच आहे. पण त्याने कमी होते ती विकणाऱ्याची लबाडी. गाडी घेतल्यानंतरची दुरुस्ती त्याने सोपी होत नाही. शिवाय हमीचे छप्पर सहसा कमी वयाच्या गाड्यांवर असते. ज्या गाडीबद्दल शंका आहे आणि म्हणूनच जी स्वस्त आहे, ती आजही रस्त्याकडेच्या दलालाकडेच उभी असते. तिथे लागू होतो तो १९३०चा माल विक्री कायदा. त्याच्या सोळाव्या कलमाचा रोख असा, की काही अपवाद वगळता मालाच्या दर्जाची हमी कायदा गृहीत धरत नाही. घेणाऱ्याने बघून घ्यावे.

आणि बघून घेणे हेच आता अवघड झाले आहे. २०००च्या आसपास प्रदूषणाच्या नियमांनी कार्बोरेटर हद्दपार केला आणि त्या जागी संगणकाने इंधन फवारणारी यंत्रणा आली. गाड्या अधिक स्वच्छ झाल्या, ॲव्हरेज वाढले, बंद पडणे कमी झाले. पण झाकण काढून वाफ बघण्याची विद्या अर्धी निकामी झाली. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेली पद्मिनी उघडून, वाळवून, ऑइल बदलून पुन्हा उभी करणे हे कष्टाचे पण सरळ काम होते. बुडालेल्या नव्या गाडीत पाणी शिरते ते वायरिंगच्या जुडग्यात आणि संगणकाच्या पेटीत. ती सुकते, धुतली जाते, सुगंधी फवारा मारून विकली जाते आणि सहा महिन्यांनी वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडू लागतात. नखाने वाजवून ते कळत नाही. म्हणजे गाडी बिघडण्याची शक्यता घटली, पण बिघडली तर किती पैसे लागतील हे आधी सांगण्याची ताकद त्याहून वेगाने घटली. जुन्या हिशोबातली मिस्त्रीची रक्कम कोरी राहिली आहे, आणि ती कोरी ठेवूनच आपण स्वस्त आणि महाग ठरवतो आहोत.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली, आणि टॅक्सीच्या वयाची वीस वर्षांची मर्यादा संपताच २०२३च्या ऑक्टोबरअखेर तिचे रस्त्यावरचे आयुष्यही संपले. तिच्याबरोबर तिच्या झिजेवर जगणारी पेठही विरळ होत गेली. आता स्वस्तातल्या गाडीचा फोटो बघून मोह झालाच, तर किलोमीटरचा आकडा आणि मालक कितवा हे विचारण्याआधी आपल्या भागातल्या गॅरेजवाल्याकडे जा आणि गाडीचे नाव सांगून एवढेच विचारा, की हिचे काम तुम्ही कराल का आणि भाग कुठून आणाल. ‘कंपनीतच न्यावी लागेल’ असे उत्तर आले, तर दलालाने सांगितलेली किंमत ही त्या गाडीची किंमत नाही.